लगद्याचा जिल्हा

सुलोचनाबाईंना भिंतीवर टांगलेला नकाशा मुळीच आवडत नसे. शाळेत एकच नकाशा होता, खालची पट्टी तुटलेला. तो खिळ्याला अडकवला की तिसरीची पोरं उत्तर दिशा म्हणजे आभाळ समजत. 'वैनगंगा वरून खाली पडते,' असं एकीनं पेपरात लिहिलं होतं. बाई त्यावर हसल्या नाहीत. त्यांनी नकाशा गुंडाळून कपाटावर ठेवला आणि गावच्या सुताराकडून जुन्या दाराची एक फळी मागून आणली.

मोहटोला हे भंडारा जिल्ह्यात, एकोडीच्या पुढं, धानाच्या बांध्यांमध्ये बसलेलं लहानसं गाव. शाळेच्या दोन खोल्या, पुढं व्हरांडा. हेडमास्तर पुंडलिकराव चौथीला शिकवत आणि बाकीचे वर्ग सुलोचनाबाईंकडे. बाईंचे यजमान भंडाऱ्याला नोकरीला होते, ते शनिवारी येत. एरवी बाई गावातच एका खोलीत राहत. १९७४ सालची दिवाळी उलटली होती आणि तिसरीच्या भूगोलात जिल्हा सुरू व्हायचा होता.

बाईंनी फळी व्हरांड्यात जमिनीवर आडवी टाकली आणि पोरांना तिच्याभोवती उभं केलं.

"सूर्य कुठून निघतो?"

सगळे हात तळ्याकडे गेले.

"मग तिकडे पूर्व. आता ही फळी कोणी हलवायची नाही. खरी नदी जिकडून येते, तिकडूनच आपली पण येईल."

आधी जिल्हा तळ्याच्या मातीचा केला. तो वाळला आणि भेगाळला. डोंगर उचलून हातात यायला लागले. पोरं हिरमुसली. तेव्हा मागं उभी असलेली रुखमा हळूच म्हणाली, "बाई, लगद्याचा करू. माही माय टोपले करते तसा. तो नाई फुटत."

रुखमा इश्वरची एकुलती एक पोरगी, आठ वर्षांची. इश्वरची दोन बांध्या धानाची शेती. त्याची बायको तुळसा लगद्याच्या टोपल्यांसाठी गावभर माहीत होती. रद्दी पाण्यात भिजवायची, भिजलेल्या मेथ्या घालून उखळात कुटायची, उलट्या पातेल्यावर थापायची आणि वाळली की गेरूनं रंगवायची. तिच्या टोपलीत तांदूळ ठेवला तर कीड लागत नाही, असं बाया सांगत.

बाईंनी रुखमाबरोबर निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी तुळसा शाळेत आली. डोक्यावर पदर, काखेत उखळाचं मुसळ. व्हरांड्यात पोरांसमोर बसायला ती लाजली. पण लगदा हातात आला तशी लाज गेली.

"असा नाई बाप्पा, पानी राहिलं त्यात. पिळा, पिळा. कपडा पिळता तसा."

पोरांचे हात कोपरापर्यंत माखले. कोणी सातपुड्याचे डोंगर थापले, कोणी आंबागडच्या किल्ल्याला घरावरच्या कवेलूचा तुकडा टोचला. ताराचंदची चंद्रकांता आणि रुखमा या दोघींना बाईंनी वैनगंगा दिली. ताराचंद गावातला दुकानदार, त्याच्याकडून चंद्रकांतानं निळीची पुडी आणली. कापसाचा पेळू निळीत बुडवून दोघी फळीवर ओणव्या झाल्या, आणि उत्तरेकडून भंडाऱ्यापर्यंत आणि तिथून खाली पवनीपर्यंत नदी वळवत नेली. कोणाचा मामा तुमसरच्या खाणीत होता, त्यानं मँगनीजचा काळा दगड दिला. आंधळगाव कोशाच्या रेशमाचं, म्हणून त्याच्या जागी कोशाचं एक बोंड चिकटवायचं ठरलं. तळ्यांसाठी आरशाच्या काचा जमल्या. इतके तलाव निघाले की काचा पुरेनात.

बाजूला तीन विटांच्या चुलीवर खळ शिजत होती. ती उकळून वर आली तशी तुळसा उठली आणि तिनं पातेलं सरळ दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं. फडकं नाही, काही नाही.

"अहो, भाजलं ना तुम्हाला!" बाई ओरडल्या.

"कुठी?" तुळसानं हात उलटे करून पाहिले. बोटांची कातडी पांढरी पडून फुगायला लागली होती. ती ओशाळून हसली. "मले समजलंच नाई बाई. आजकाल असंच होते. चुलीपाशी ध्यान नाई राहत."

सुलोचनाबाईंचं माहेर वर्ध्याकडचं. तिथं कुष्ठरोग्यांची सेवा करणारी माणसं त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. न दुखणारा भाजल्याचा फोड म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. पोरं घरी गेल्यावर त्यांनी तुळसाला खोलीवर नेलं, फोडांना खोबरेल लावलं आणि विचारलं. तुळसानं आधी उठून दार लोटलं. मग दंडावरचं लुगडं सरकवून एक फिकट चट्टा दाखवला.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "गोळ्या निघाल्या आहेत. लवकर कळलं तर बरं होतं. साकोलीहून सायकलवर तपासणारा माणूस येतो, त्याला मी बोलावते."

तो माणूस आला. त्यानं तुळसाला डोळे मिटायला लावून हातावर पीस फिरवलं आणि कुठं लागतं ते विचारलं. मग गोळ्या दिल्या. इश्वरला समजावलं, की हिला घरीच राहू दे, पोरगी जवळ असू दे, काही होत नाही. पण त्याची सायकल इश्वरच्या दारात उभी राहिलेली सगळ्या टोल्यानं, अख्ख्या वस्तीनं पाहिली होती. ती सायकल कोणाच्या दारात उभी राहते, ते सगळ्यांना माहीत होतं.

त्या आठवड्यात तुळसाच्या घागरीसाठी विहिरीवर कोणी दोर सोडेना. तिच्या टोपल्यांत तांदूळ ठेवणाऱ्या बायांनी टोपल्या गावाबाहेर नेऊन जाळल्या. इश्वरच्या बांधीत कापणीला मजूर यायला तयार होईनात. उभं धान झडायला लागलं. इश्वर दोन वेळा सुलोचनाबाईंकडे येऊन नुसता बसून गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "बाई, तिले तुमच्या वर्ध्याकडं नेऊन देतो. तठी दवाखाना हाय म्हणता ना?"

"आहे. चांगली माणसं आहेत. पण इश्वरभाऊ, तिला इथंच बरं वाटेल."

"तिले वाटन. पन लोकं राहू देईन तवा ना."

तुळसा गेली. रुखमाला सांगितलं, की माय दवाखान्यात गेली, बरी होऊन येईल. ते खोटं नव्हतं.

सोमवारी चंद्रकांता व्हरांड्यात आली नाही. ती वर्गातच दप्तर छातीशी धरून बसून राहिली. तिच्यामागं एकेक करून सगळी पोरं तिथंच बसली. फळीजवळ एकटी रुखमा होती, हातात ओला लगदा घेऊन.

दुपारी ताराचंद चार माणसं घेऊन हेडमास्तरांकडे आला. आवाज त्यानं चढवला नाही.

"गुरुजी, आमी शिक्षणाच्या आड नाई येत. पन त्या पोरीनं मळलेल्या लगद्यात आमच्या पोरायचे हात कायले घालता?"

पुंडलिकरावांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला दोन वर्षांत निवृत्त व्हायचं होतं आणि गावातच राहायचं होतं. त्यांनी सुलोचनाबाईंना बोलावलं.

"बाई, नकाशा राहू द्या. पुस्तकातून घ्या. किंवा मग ती पोरगी थोडी बाजूला..."

"तिला काहीही झालेलं नाही, सर. तपासलं आहे तिला."

"मला माहीत आहे. त्यांना कोण सांगणार?"

सुलोचनाबाई व्हरांड्यात आल्या. ताराचंद आणि त्याची माणसं पाहत असताना त्यांनी पदर खोचला, रुखमाशेजारी जमिनीवर बसल्या आणि तिच्या हातातला लगदा घेऊन नागझिऱ्याचं जंगल थापायला लागल्या. बोटं पुसली नाहीत. त्याच हातानं घाम टिपला, त्याच हातानं पाणी प्यायल्या. माणसं निघून गेली. पोरं मात्र आली नाहीत, त्या दिवशीही नाही आणि पुढचे कित्येक दिवसही नाही.

मग जिल्हा त्या दोघीच करायला लागल्या. रोज मधल्या सुट्टीत थोडा थोडा. बाकीची पोरं खिडकीतून पाहत. रुखमानं शेवाळ सुकवून आणलं, त्याची झाडी केली. धानाची टोकं कापून बांध्या रोवल्या. भंडाऱ्याच्या जागी फुटक्या पितळी घुंगराचं अर्धं दाबलं. एक दिवस तिनं विचारलं, "बाई, वर्धा कुठी हाय याच्यात?"

"यात नाही. हा भंडारा जिल्हा. त्याच्या शेजारी नागपूर, त्याच्या पलीकडे वर्धा."

रुखमानं फळीच्या कडेकडे पाहिलं. भंडाऱ्याच्या पुढं वीतभर जाऊन फळी संपत होती.

"मंग खाली जमिनीवर करू का? फळी नाई पुरत तिकडं."

बाईंनी हो म्हटलं. व्हरांड्याच्या शहाबादीवर रुखमानं लगद्याचा एक लांब पट्टा थापला, त्यावर काळ्या दोऱ्याचा रस्ता काढला. नागपूरला पाटीच्या पेन्सिलीचे तुकडे उभे केले, कारण तिथं मोठमोठी घरं असतात असं बाईंनी सांगितलं होतं. वर्ध्याला तिनं काहीच ठेवलं नाही. नुसता बोटाचा खड्डा केला.

तेव्हाच बाईंना तिच्या बोटावर भाजल्याचा डाग दिसला. छोटा, गोल.

"हे कशानं?"

रुखमानं हात मागं घेतला. खूप विचारल्यावर बोलली. "चिमणीवर धरलं होतं. दुखते का नाई ते पायत होती."

"मग? दुखलं?"

"लय दुखलं." आणि पहिल्यांदा ती बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून रडली.

संक्रांतीला बाई माहेरी जाणार होत्या. त्यांनी इश्वरला विचारलं, त्यानं मान हलवली. रुखमाला नवं परकर-पोलकं शिवलं होतं ते घातलं आणि दोघी साकोलीहून एसटीत बसल्या.

रुखमा खिडकीशी होती. लाखनी आलं तेव्हा ती म्हणाली, "इथं मी चिंचोका ठेवला होता." भंडारा जवळ आलं तेव्हा घुंगरू आठवलं. तेवढ्यात, गावाच्या अलीकडे, गाडी वैनगंगेच्या पुलावर चढली. पात्र हिवाळ्यातही रुंद होतं, मधे वाळूचे पट्टे आणि त्यांच्यामधून चमकणारं पाणी. पूल संपेचना. रुखमा उभी राहिली, दोन्ही हातांनी गज धरून.

"बाई," ती म्हणाली, "ही त लयच मोठी हाय. आमी बारकी केली."

नागपूरला आगगाडीत बसल्यावर ती बोलायची थांबली. आता सगळं तिच्यासाठी नवीन होतं.

कुष्ठधामात आंब्याची झाडं होती, मागांचे खटके ऐकू येत होते. तुळसा एका ओसरीवर सूत कातायच्या रहाटापाशी बसली होती. बोटांना पांढऱ्या पट्ट्या. पोरीला पाहिल्याबरोबर ती उठली नाही. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"जवळ नोको येऊ," ती म्हणाली. पण रुखमा येऊन गळ्यात पडली होती.

तिथली सेविका म्हणाली, "घ्या हो तिला जवळ. काही होत नाही." तरी तुळसा हात बाहेर काढेना. शेवटी रुखमानंच पदराखाली हात घालून तिचा हात ओढला आणि आपल्या हातात धरला. तुळसा त्या दोन हातांकडे पाहत राहिली. बोटांना तिला काही लागत नव्हतं. मग तिनं पोरीचा हात उचलला आणि स्वतःच्या गालावर दाबून धरला. तिथं तिला अजून समजत होतं. कितीतरी वेळ तिनं तो तिथून काढला नाही.

"माय, आमी जिल्हा केला लगद्याचा. तू सांगितला तसाच. नाई फुटला."

"मेथ्या जास्ती घातल्या का?"

"बाई म्हणे पुरे."

"जास्तीच घालाव. नाई त किडे लागते." तुळसा हसली. मग तिनं सेविकेबरोबर रुखमाला वासरं पाहायला धाडलं आणि सुलोचनाबाईंकडे वळली. आवाज बदलला होता.

"बाई, तिच्या बाजूले कोनी बसते का शाळेत?"

बाईंना खोटं बोलता आलं नाही.

"मले मालूम होतं. डाक्टर म्हणते गोळ्या खा, बरी होशीन. होईनही. पन गावाच्या डोळ्यात मी काई बरी होत नाई. मी जिती हाय तवर ती महारोगीनची पोरगी. उद्या तिचं लगन कोन करीन?" मग ती म्हणाली, "मेलेल्या बाईचा रोग कोनी काढत नाई. रुखमाच्या बापाले सांगा, तुळसा मेली म्हून गावात सांगाव. तेरवी कराव."

"असलं काही बोलू नका. मी हे त्यांना सांगणार नाही."

"नोका सांगू. थे पुढच्या महिन्यात येनार हाय. मीच सांगीन."

बाईंनी तिला पुष्कळ समजावलं. रोग उतरेल, लोक विसरतील, मी आहे. तुळसा सगळं ऐकून घेत होती, जसं शहाणं माणूस लेकराचं ऐकतं. शेवटी एवढंच म्हणाली, "तुमी भल्या हाव बाई. पन तुमची बदली होईन."

रुखमा परत आली. निघताना रडली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा येऊ, असं तिनं मायला सांगितलं. तुळसानं हो म्हटलं.

महिन्याभरानं इश्वर वर्ध्याला जाऊन आला. एसटीतून उतरला तेव्हा त्याचं डोकं भादरलेलं होतं. "तुळसा गेली," तो चावडीवर म्हणाला. "तठीच अग्नी देला." एवढं बोलून तो खाली बसला आणि असा रडला, की कोणाला शंका येण्याचं कारणच उरलं नाही. ते रडणं खरंच होतं.

पहिला ताराचंद आला. इश्वरच्या खांद्यावर हात ठेवला. "सुटली बिचारी," म्हणाला. दुकानातून त्यानं तेरवीसाठी तांदूळ धाडला. ज्या घरचं पाणी कोणी पीत नव्हतं, त्या घरच्या पंगतीला सगळा टोला बसला. इश्वरची बहीण धुरपता सासरहून आली होती, तिलाही खरं माहीत नव्हतं. ती रुखमाला कवेत घेऊन गळा काढत होती.

इश्वरनं आधीच रुखमाला बांधीवर नेऊन सगळं सांगितलं होतं. मायनंच असं सांगितलं, हेही. आणि हे तुझ्या, माझ्या आणि बाईंच्या पोटात राहिलं पाहिजे, हेही. रुखमानं एकच विचारलं होतं, "मंग उन्हाळ्यात जायाचं नाई?"

तेरवीच्या दिवशी ती सुलोचनाबाईंजवळ येऊन उभी राहिली. दंडावर लाल वळ होता.

"बाई, मी रडत नव्हती म्हून आत्यानं चिमटा घेतला. मले रडूच नाई येत. ती तठी हाय ना."

बाईंनी तिचं तोंड हातानं झाकलं. आजूबाजूला माणसं होती. त्या क्षणी बाईंना स्वतःच्या हाताचीच किळस आली.

दुसऱ्या सोमवारी चंद्रकांता व्हरांड्यात आली आणि रुखमाशेजारी बसली. तिच्यामागं सगळी पोरं आली. मेथ्या भिजल्या, रद्दी कुटली गेली. परीक्षेच्या आधी जिल्हा पुरा झाला. गोंदिया तेव्हा याच जिल्ह्यात, तिथल्या भाताच्या गिरण्या काड्यापेटीच्या झाल्या, आंधळगावला कोशाचं बोंड लागलं. तपासणीला आलेले साहेब फळीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, असं काम त्यांनी कुठंच पाहिलं नाही. पुंडलिकरावांनी सगळ्यांना पेढे वाटले. जमिनीवरचा तो वर्ध्याकडचा पट्टा तपासणीआधी झाडून टाकला होता. कोणी झाडला, ते बाईंनी विचारलं नाही.

रुखमा फळीपाशी येऊन बसायची, पण हात मांडीवर ठेवून. लगद्याला ती पुन्हा शिवली नाही.

"तुझे हात चांगले आहेत गं," बाई म्हणाल्या. मोहटोल्याच्या तळ्यासाठी ठेवलेली काच त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली. "आपलं तळं तू लाव."

रुखमानं काचेत पाहिलं. मग ती चंद्रकांताला दिली. "तू लाव व," ती म्हणाली. "मले नाई येत."

तुळसा म्हणाली होती तशी बाईंची बदली झाली, आधी मोहाडीकडे आणि मग आंधळगावला. त्यांनी तिथंही पोरांकडून लगद्याचे जिल्हे करून घेतले. दर दिवाळीला माहेरी गेल्या की त्या एक दिवस कुष्ठधामात जात आणि तुळसाला पोरीचं सांगत. रुखमा सातवी झाली. इश्वरनं शकुनबाई नावाच्या विधवेशी पाट लावला. शकुनबाई चांगली आहे, पोरीला मारत नाही. तुळसा ऐकत राही. प्रत्येक वेळी विचारी, "तिच्या आंगावर चट्टा त नाई ना कुठी?" नाही म्हटलं, की श्वास सोडी.

१९८४च्या उन्हाळ्यात रुखमाचं लग्न ठरलं. मुलगा आंबागडचा, जंगलखात्याच्या कामावर जाणारा. मुलाकडच्यांनी विचारलं होतं, मुलीची माय कशानं गेली. इश्वर म्हणाला, तापानं. त्यांनी मान हलवली, विषय संपला.

सुलोचनाबाई लग्नाला आल्या तेव्हा इश्वर त्यांच्या पाया पडला आणि मंडपाच्या मागं निघून गेला. मायचे सगळे विधी शकुनबाईनं केले. ती मनापासून करत होती. हळदीच्या वेळी ती रडलीसुद्धा, आणि बाया म्हणाल्या, सख्खी माय असती तरी याहून जास्त काय करती.

रुखमा पाटावर बसली होती. हळद लागलेली, मुंडावळ्या बांधलेली. तुळसाच दिसत होती ती, तंतोतंत. बाई साडी द्यायला जवळ वाकल्या, तेव्हा तिनं मान वर न करता, ओठही फारसे न हलवता विचारलं,

"हाय ना अजून?"

"आहे," बाई म्हणाल्या.

रुखमानं डोळे मिटले, उघडले. तेवढ्यात कोणीतरी तिला उठवलं आणि बोहल्याकडे नेलं.

लग्नानंतर बाई दिवाळीपर्यंत थांबल्या नाहीत. आठवड्यातच वर्ध्याला गेल्या. तुळसा आता चाळिशीला टेकली होती. नव्या गोळ्या निघाल्या होत्या, त्यांनी तिचा रोग पुरता गेला होता. तिच्या कागदावर तसं लिहूनही दिलं होतं. बोटं तेवढी आखडलेली राहिली. डॉक्टर तिला घरी जायला मोकळी आहेस म्हणाले, तेव्हा ती हसली होती आणि पुन्हा मागापाशी जाऊन बसली होती.

बाईंनी सगळं सांगितलं. साडीचा रंग, पंगतीला काय होतं, मुलगा उंच आहे, सरळ वाटतो, दारू पीत नाही.

"रडली का जातानी?"

"नाही."

"नाईच रडनार. लहानपनापासून तशीच." तुळसानं पदरानं तोंड पुसलं. "मायच्या जागी ओटी कोनं भरली?"

"शकुनबाईनं."

"बरं झालं." तिनं बाहेरच्या आंब्यांकडे तोंड फिरवलं. "माह्याबद्दल काई म्हनली?"

बाईंनी ते तीन शब्द सांगितले. तुळसानं ते ऐकले. ती भिंतीला धरून उठली. आत जाऊन गुळाची ढेप घेऊन आली. आखडलेल्या बोटांत दगड नीट धरता येत नव्हता, तरी तिनं कोणाला हात लावू दिला नाही. गूळ स्वतः फोडला आणि टोपलीत भरून ओसरीवर निघाली.

गेली दहा वर्षं या ओसरीवर तिनं पोरीचं नावसुद्धा कधी घेतलं नव्हतं. आज मागावरच्या एकेका बाईपुढं ती थांबत होती, खडा देत होती, सांगत होती. बायका माग थांबवून उठत होत्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. पलीकडच्या टोकाला गोदावरीबाई नावाची म्हातारी बसायची, तिला कमी ऐकू यायचं. तुळसानं गूळ दिला तशी ती म्हणाली, "कायचा व हा?"

"लगन झालं," तुळसा म्हणाली.

"काय झालं?"

तुळसा खाली वाकली, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्या आवारात ऐकू जाईल एवढ्या जोरानं ओरडली, "लगन झालं! माह्या पोरीचं!"